मुडदुशाच्या पोटापासून समुद्रतळाच्या वाळूपर्यंत

मुडदुशाच्या पोटात काय असतं हे मी पहिल्यांदा नीट बघितलं ते माझ्या आतेबहिणीमुळे. लहानपणापासून आम्ही मे महिन्यात देवगडला आत्याकडे जायचो, आत्या आडाळ्यावर बसून मासे कापायची, पोटातली घाण मांजराला जायची, विषय संपला. पण ही आतेबहीण आता पीएचडी करतेय, तिने गेल्या वर्षी ती घाण बशीत घेतली, वर थोडं पाणी घातलं, टाचणीने हळूहळू सुटी केली आणि म्हणाली आता बघ. त्यात गांडुळासारख्या किड्यांचे तुकडे होते, तांदळाच्या कणीएवढे कोळंबीसारखे जीव होते आणि वाळूचे चार-पाच कण. मुडदुशा वाळूवरचा मासा आहे, वाळूतच खातो, आणि रापणीचं (किनाऱ्यावरून ओढायचं) जाळं जवळ आलं की वाळूतच घुसतो, हे रापणीवाल्या कुणालाही विचारा. म्हणजे आपण ज्याला नुसती वाळू म्हणतो ते त्याचं ताट पण आहे आणि लपायची जागा पण.

तिच्या पीएचडीचा विषय हाच आहे, समुद्राच्या तळाची वाळू काढली तर तळाच्या जीवांचं काय होतं. विषय ऐकून गावातल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, जो तिच्या होडीच्या तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) पण विचारला होता, "अगो, दर्यात वाळू काय कमी आसा काय?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलंय.

आधी त्या वाळूत राहतं कोण ते बघू. मी तिच्याबरोबर दोनदा होडीतून गेलोय. बारा वाव पाणी असेल (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, सहा फुटांच्या आसपास), तिथे दोरीला बांधलेला एक लोखंडी जबडा खाली सोडतात, त्याला ग्रॅब म्हणतात. तळाला टेकला की तो मिटतो आणि परातीएवढ्या जागेतली वाळू तोंडात धरून वर येतो. ती वाळू अर्धा मिलिमीटरच्या चाळणीत ओतायची आणि समुद्राचंच पाणी हळूहळू ओतत धुवायची, जोरात ओतलं तर किडे तुटतात म्हणून तिथे घाई चालत नाही. वाळू खाली निघून जाते आणि चाळणीत जे उरतं ते बघून मी खरंच गप्प झालो होतो. नखाएवढ्या तिसऱ्या (शिंपल्यात राहणारे जीव), पारदर्शक कुर्ल्या, पायांची झालर असलेले किडे, आणि एक बोटभर लांबीची नळी, जिच्यावर शिंपल्यांचे बारीक तुकडे घरावर कौलं बसवावीत तसे चिकटवलेले होते. ती नळी एका किड्याने बांधलेली, डायोपॅट्रा नावाच्या, तो आत राहतो आणि डोकं बाहेर काढून खातो. अशा नळ्या दाट असल्या की भोवतीची वाळू पण जागेवर धरून ठेवतात आणि इतर बारीक जीव त्यांच्या आडोशाला राहतात.

हे सगळं जग बहुतेक करून वरच्या वीतभर थरात असतं. त्याच्या खाली ऑक्सिजन पोचत नाही, वाळू काळी पडते, कुजका वास येतो. शेतात कसं, वरची वीतभर माती काढून नेली की शेत तिथेच दिसतं, क्षेत्रफळ तेवढंच, सातबारा तोच, पण पीक येत नाही, तसंच. तांडेलकाकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे, वाळू कमी नाहीये पण जिवंत थर पातळ आहे, आणि उपसणारं मशीन सुरुवात वरूनच करतं.

आता समुद्राची वाळू लागते कुणाला? जगात वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते, पाण्याच्या खालोखाल माणूस सगळ्यात जास्त वापरतो ती गोष्ट हीच. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून गोल गुळगुळीत झालेली असते, काँक्रीटमध्ये ती नीट पकड घेत नाही, म्हणून नदी, खाडी आणि समुद्र. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, न धुता वापरली तर आतली सळई गंजते, त्यामुळे बांधकामाला धुवावी लागते, पण समुद्रात भराव टाकून नवी जमीन करायची असेल तर तेवढाही त्रास नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२३ मध्ये जहाजांच्या सिग्नलवरून हिशोब मांडला, ड्रेजर म्हणजे तळ उपसणारं जहाज कुठे किती वेळ कसं फिरतं यावरून ते वाळू काढतंय का हे ओळखता येतं, तर २०१२ ते २०१९ चा डेटा बघून अंदाज आला वर्षाला ४ ते ८ अब्ज टन. म्हणजे रोज दहा लाखांपेक्षा जास्त डंपर भरतील एवढी वाळू समुद्रातून निघते.

आपल्याकडे वाळू म्हटलं की खाडी आठवते, हातपाटी, डुबी मारून बादलीने काढणारे लोक, आणि मग रात्री सक्शन पंप लावून उपसणारे. खाडीचं पात्र खोल गेलं की खारं पाणी वर सरकतं, काठ खचतात, विहिरी मचूळ होतात, हे कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. समुद्रतळाची गोष्ट मात्र नवीन आहे. २०२३ मध्ये समुद्रातल्या खनिजांच्या कायद्यात बदल झाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदाच समुद्रातले १३ ब्लॉक लिलावाला काढले, त्यातले ३ केरळच्या समोरचे, बांधकामाच्या वाळूचे. कोल्लमच्या मच्छीमारांचं म्हणणं होतं की आमचं सगळ्यात चांगलं मासेमारीचं मैदान तेच आहे, आणि २७ फेब्रुवारी २०२५ ला केरळच्या अख्ख्या किनाऱ्यावर बंद पाळला गेला. आणि आपल्या कोकणातच, पालघरमध्ये डहाणूजवळ वाढवण बंदर होतंय, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, त्यात समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आहे आणि त्या भरावासाठी दमणच्या समोरच्या समुद्रतळाची वाळू आणायची योजना आहे. तेव्हा हा विषय परदेशातला राहिलेला नाही.

मोठं ड्रेजर कसं चालतं ते समजलं की परिणाम आपोआप समजतात. जहाजाच्या कुशीतून एक जाड पाईप तळाला टेकवतात, जहाज हळू पुढे जात राहतं आणि पाईप व्हॅक्युम क्लीनरसारखा वाळू आणि पाणी एकत्र ओढतो. एका फेरीत दोन-तीन मीटर रुंद आणि वीतभर, कधी थोडा जास्त खोल पट्टा निघतो, म्हणजे बरोब्बर तोच जिवंत थर. त्याच जागेवरून परत परत गेलं की खोली वाढत जाते. काही जहाजं एका जागी नांगर टाकून उपसतात, तिथे मोठे खड्डे पडतात. जहाजाच्या पोटात वाळू खाली बसते आणि वरचं गढूळ पाणी परत समुद्रात सोडून देतात, बारीक गाळासकट.

पहिलं नुकसान तर उघड आहे, पाईपमध्ये जे गेलं ते गेलं. पण माझ्या मते जास्त विचार करायला हवा तो त्या गढूळ पाण्याचा, कारण ते खड्ड्याच्या हद्दीत थांबत नाही, प्रवाहाबरोबर जातं आणि जिथे कुणी वाळू काढलीच नाही तिथे जाऊन बसतं. तिसऱ्या, कालवं हे पाणी गाळून खाणारे जीव, त्यांच्या कल्ल्यात बारीक गाळ भरला की खाणं आणि श्वास दोन्ही अडतं. म्हाकलाची अंडी तळाला, कशाला तरी चिकटलेली असतात, त्यांच्यावर गाळाचा थर बसला तर आतल्या पिल्लाला ऑक्सिजन मिळत नाही. तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे वाळूचा कण बदलतो. जाडी वाळू काढून नेली आणि खड्ड्यात नंतर बारीक चिखल येऊन बसला, तर वरून सगळं भरल्यासारखं दिसतं पण राहणारा बदलतो, वाळूत घर करणाऱ्याला चिखल चालत नाही. मुडदुशा गेला आणि त्या जागी चिखलातला दुसरा मासा आला तर आकड्यात मासे तेवढेच दिसतील, रापणीत मात्र फरक पडेल.

मग जीव परत येतात की नाही? येतात. जगभरच्या अभ्यासांचा ढोबळ अंदाज असा की चिखलाच्या तळाला काही महिने, वाळूला दोन-तीन वर्षं, जाड खडीच्या तळाला पाच ते दहा वर्षं लागू शकतात. पण हा ढोबळ आकडा किती फसवा आहे ते प्रत्यक्ष जागा बघितल्यावर कळतं.

बेल्जियमच्या समोर उत्तर समुद्रात क्विंटेबँक नावाची वाळूची रेव आहे, तिथे वर्षानुवर्षं उपसा चालला, मधोमध पाच मीटरचा खोलगट भाग तयार झाला आणि २००३ मध्ये तिथला उपसा बंद केला. नंतर मोजत राहिले तर तळाचे जीव बऱ्यापैकी लवकर परतले, कारण तिथले जीव मुळातच हलत्या वाळूची सवय असलेले, पण खड्डा काही भरला नाही. म्हणजे जीव परत आले याचा अर्थ वाळू परत आली असा नाही.

दुसरं उदाहरण नेदरलँड्सचं, आणि ते मला स्वतःला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. रॉटरडॅम बंदर वाढवायला त्यांनी मास्व्लाक्ते २ नावाची नवी जमीन समुद्रात उभी केली, त्यासाठी साधारण २० मीटर पाणी असलेल्या ठिकाणी तळ आणखी २० मीटर खोल खणला, एरवी तिथे दोन मीटरच खणायचा नियम होता. त्या खड्ड्यावर वाखेनिंगन विद्यापीठात पीएचडी झाली, २०१६ ची. त्यात असं सापडलं की खोल भागात तळाजवळच्या माशांचं वजन आजूबाजूच्या तुलनेत वीसपट झालं. वीसपट! कारण खड्ड्यात बारीक गाळ आणि त्याबरोबर खाद्य येऊन बसलं, एका जातीच्या बारीक शिंपल्या भरमसाट वाढल्या आणि त्या खायला चपटे मासे आले. हा निष्कर्ष खरा आहे, मेहनतीने मोजलेला आहे आणि त्यातून खोली किती ठेवावी, तळाला उंचवटे कसे ठेवावेत याचे चांगले नियमही निघाले. पण उद्या कुणी येऊन तुम्हाला सांगितलं की वाळू काढली की मासे वीसपट होतात, तर त्याला एवढंच विचारा की कुठल्या समुद्रात. कारण तिथे पण पहिलं जग परत आलं नव्हतं, नवीन जग आलं होतं, आणि ते टिकायला तळाला ऑक्सिजन लागतो.

आणि इथेच आपला समुद्र वेगळा पडतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खोल समुद्रातलं थंड आणि कमी ऑक्सिजनचं पाणी तळातळाने किनाऱ्याकडे सरकतं. वरती नद्यांनी आणलेलं गोडं, हलकं पाणी झाकणासारखं बसलेलं असतं, त्यामुळे वरची हवा खाली मिसळत नाही. हे निसर्गाचंच आहे, दरवर्षी होतं, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीच्या समोर वर्षानुवर्षं मोजलंय, जगातल्या किनारपट्ट्यांवरचा नैसर्गिकरीत्या असा होणारा हा सगळ्यात मोठा पट्टा मानतात. आता अशा समुद्रात कुणी वीस मीटरचा खड्डा खणला तर ते जड, कमी ऑक्सिजनचं पाणी त्यात उतरून साठून राहण्याची शक्यता जास्त, आणि वरून गाळ आणि खाद्य येऊन कुजलं की उरलासुरला ऑक्सिजन पण संपणार. डच खड्ड्यात जे ताट झालं ते इथे तसंच होईल असं धरून चालणं मला तरी पटत नाही.

दुसरा फरक मान्सूनचा. पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू पावसाळ्यात कशी खचते ते आपण दरवर्षी बघतो, जूनच्या लाटा वाळू ओढून आत नेतात, खाली दगड उघडे पडतात आणि पाऊस सरला की दिवाळीपर्यंत वाळू परत येऊन किनारा भरतो. ती वाळू मधल्या काळात कुठे असते? तिथेच, समोर उथळ पाण्यात, रेवेच्या रूपात. तीच जर कुणी उचलली तर परत यायला उरलं काय? किनारा आणि समोरचा तळ यांचं एकच खातं आहे, एकीकडून काढलं की दुसरीकडची शिल्लक कमी होणारच. आपल्या वेळास, आंजर्ले, गुहागरच्या पुळणीवर कासवं अंडी घालतात ती याच परत आलेल्या वाळूत.

याचं एक जुनं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे, डेव्हन परगण्यातलं हॉलसँड्स नावाचं मच्छीमारांचं गाव. १८९७ मध्ये प्लिमथजवळच्या नौदलाच्या गोदीच्या कामासाठी त्या गावासमोरची खडी-वाळू उपसायला सुरुवात झाली, सुमारे साडेसहा लाख टन नेली. सांगितलं असं होतं की समुद्र ती परत भरून देईल. समुद्राने दिली नाही. गावासमोरची पुळण खाली जात राहिली, गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, १९०२ मध्ये परवाना रद्द झाला पण तोपर्यंत जायचं ते गेलं होतं, आणि २६ जानेवारी १९१७ च्या वादळात लाटा थेट घरांत शिरल्या. त्या वर्षाअखेर राहण्याजोगं एकच घर उरलं. उपसा बंद होऊन पंधरा वर्षं झाल्यावर गाव गेलं, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

आता पीएचडीत नेमकं करतात काय? लोक बहिणीला विचारतात, अजून आपल्या समोर जहाज आलंच नाही तर तू अभ्यास कशाचा करतेस? तर त्याचाच, जहाज नसतानाचा. समजा तुम्ही कलमांवर नवीन औषध मारलं आणि मोहोर गळला. औषधामुळे गळला की त्या वर्षी थंडीच नव्हती म्हणून? हे कळायला दोन गोष्टी लागतात, त्याच झाडांची आधीची नोंद आणि त्याच बागेतली औषध न मारलेली झाडं. समुद्रात पण तसंच, उपशाच्या आधी आणि नंतर, उपशाच्या जागी आणि लांबच्या न उपसलेल्या जागी, अशा चारही बाजूंनी मोजावं लागतं. यातली "आधी"ची नोंद एकदा हुकली की ती नंतर कितीही पैसे टाकून मिळत नाही. आपल्या किनाऱ्यावर तर आणखी पंचाईत, पावसाळ्यात तळाचे जीव तसेही कमी होतात आणि नंतर परत वाढतात, त्यामुळे एकाच महिन्यात एकदा सॅम्पल घेऊन काही सांगितलं तर ते धादांत चुकीचं निघू शकतं. कुणी फेब्रुवारीत "आधी" मोजलं आणि सप्टेंबरमध्ये "नंतर", तर मान्सूनचा दोष ड्रेजरला लागेल, आणि उलटं केलं तर ड्रेजरचा दोष मान्सून झाकून टाकेल. म्हणून निदान दोन-तीन वर्षं, प्रत्येक ऋतूत, त्याच त्याच जागी जायचं.

समुद्रावरचं काम त्यातल्या त्यात सोपं. चाळणीत उरलेलं सगळं फॉर्मेलिनमध्ये घालतात, एक गुलाबी रंग टाकतात ज्याने जीव रंगतात आणि शंख-वाळू तशीच राहते, आणि मग लॅबमध्ये चिमट्याने एकेक गुलाबी ठिपका उचलायचा. एक किडा कुठल्या जातीचा हे त्याच्या जबड्यावरून आणि पायावरच्या केसांवरून ठरतं, मायक्रोस्कोपखाली. मी एकदा तासभर तिच्याशेजारी बसलो तर तेवढ्या वेळात तिचे सात किडे झाले होते आणि त्यातल्या दोघांवर तिने प्रश्नचिन्ह टाकलं होतं, परत बघायला. हे प्रश्नचिन्ह टाकायची तयारी ज्याच्याकडे आहे त्याच्या थिसिसवर मी विश्वास ठेवीन. परवानगीसाठी घाईने केलेल्या रिपोर्टात तळाचे जीव म्हणून चार ओळी असतात, ऋतू एकच असतो, आणि त्यावर पुढची तीस वर्षं ठरतात, याचा मला खरंच राग येतो.

तांडेलकाकांना हे सगळं तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं, होडीतच. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग स्वतःहून एक जागा दाखवली, तळाला पूर्वी जाळ्याला नळ्या लागायच्या आणि हल्ली लागत नाहीत अशी, ट्रॉलर फिरायला लागल्यापासून. ती जागा आता तिच्या यादीत आहे, कारण जिथे ट्रॉलरने आधीच तळ खरवडलाय ती जागा "न हललेली" म्हणून धरली तर सगळा हिशोबच चुकतो. हे तिला कुठल्याच पेपरात मिळालं नसतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या असतात, तेवढा वेळ लॅबचं काम. पुढची फेरी ऑक्टोबरमधल्या अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, करंट कमी असतो आणि ग्रॅब सरळ खाली जातो. काकांनी तारीख दिलीय. या वेळी दोरीला ग्रॅबच्या आधी ऑक्सिजनचा मीटर बांधून सोडणार आहोत, बारा वावावर तळाला किती दाखवतो ते बघायला.